पत्रलेखन : त्याचा आनंद आणि त्याचा ऱ्हास (खानदेशातील पत्रव्यवहाराच्या आधारे काही विचार)

पत्र लिहिणे हा आपल्या समाजातील एके काळचा नित्याचा व्यवहार. तो प्रथम नैमित्तिक झाला आणि आता ते निमित्तही क्वचितच उरले आहे, हे कोणास नव्याने सांगावयास नको. भ्रमणध्वनीवरून क्षणार्धात पोहोचणाऱ्या संदेशांनी पत्राची जागा घेतली. या घटनेबद्दल हळहळ व्यक्त करणारे लेखन पुष्कळ होते. परंतु हळहळ म्हणजे विचार नव्हे. पत्रासमवेत नेमके काय गेले, त्याच्या मोबदल्यात काय मिळाले, आणि जे गेले त्यापैकी काय राखता येण्याजोगे आहे, हे तीन प्रश्न वेगवेगळे करून पाहिल्यावाचून या विषयात काही निष्पन्न व्हावयाचे नाही.

हे प्रश्न खानदेशात विचारण्यास विशेष कारणही आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे देहावसान झाले आणि पुढच्याच वर्षी, १९२७ मध्ये, त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्याच शहरात स्थापन झाले. दुसऱ्यांनी लिहिलेली जुनी पत्रे शोधणे, वाचणे व छापणे यांत ज्या पुरुषाने आयुष्याचा मोठा भाग वेचला, त्याचे स्मारक या प्रदेशात उभे आहे. पत्राचे मोल काय, याचे उत्तर शोधण्यास आपणांस दूर जावयास नको.

१. पत्र हे साधन

राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील, म्हणजे पानिपतच्या संग्रामापर्यंतची, पत्रे आहेत. मालेचे एकूण २२ खंड झाले. त्यांतील पत्रांचे लेखक इतिहास लिहावयास बसले नव्हते. कोणी खर्चास पैसे मागत होता, कोणी शत्रूच्या हालचाली कळवीत होता, कोणी आपली बाजू धन्याच्या कानी घालीत होता. पुढील पिढ्यांस काही सांगावे असा हेतू त्यांच्या ठायी नव्हता, आणि म्हणूनच त्यांची साक्ष इतकी मोलाची ठरली. बखरकार घटनेनंतर लिहितो. पत्रलेखक घटनेच्या मध्यावर उभा राहून लिहितो. उद्या काय होणार हे त्याला ठाऊक नसते.

भाषेच्या अभ्यासकास तर पत्रासारखे दुसरे साधन नाही. शिवकालीन व तदुत्तर पत्रे हाती घेऊन त्यांतील फारसी शब्दांचे प्रमाण राजवाडे यांनी मोजले आणि ते काळाच्या ओघात कसे घटत गेले हे दाखविले. काव्यावरून असे अनुमान करणे धोक्याचे. कारण कवी जुनी भाषा बुद्ध्या वापरतो. पत्रातील भाषा मात्र त्या दिवसाची, त्या माणसाची आणि त्या कामाची असते.

पत्र वाचणे सोपे होते असे मात्र नव्हे. बहुतेक पत्रे मोडी लिपीत. अनेकांवर चांद्रमासाचा दिवस व महिना असे, पण वर्ष नसे. लिहिणारास व वाचणारास चालू वर्ष ठाऊक होते, मग ते लिहावे कशास? ते ठरविण्यासाठी संशोधकाला मजकुरातील नावे, स्वारीचे मुक्काम व अन्य पत्रांतील उल्लेख यांचा मेळ घालावा लागे.

तीच पद्धत विसाव्या शतकातील आपल्या घरगुती पत्रांनाही लागू पडते. खानदेश जिल्ह्याची १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम अशी विभागणी झाली. १९६० मध्ये त्यांस अनुक्रमे जळगाव व धुळे ही नावे मिळाली. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. पत्त्यात ‘जि. पूर्व खानदेश’ असे असेल, तर ते कार्ड बहुधा १९६० च्या पूर्वीचे समजावे. ‘बहुधा’ म्हणावयाचे कारण, जुन्या माणसांच्या हाताला जुने नाव पुढेही काही काळ चिकटून राहते. तिकिटावर आणे असतील तर ते १९५७ च्या दशमान नाण्यांपूर्वीचे. ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचे. पत्त्याच्या शेवटी सहा अंकी पिनकोड असेल, जळगावच्या बाजूस ४२५ ने व धुळ्याच्या बाजूस ४२४ ने आरंभ होणारा, तर ते कार्ड १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे होय. फळीवर धूळ खात पडलेल्या पत्रांच्या तारेतून असा इतिहास निघतो.

२. निरोपाचे तीन मार्ग

वेगवान निरोप आपल्या काळातच प्रथम आला, अशी एक समजूत आहे. ती खरी नव्हे. तारायंत्र या देशात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच आले आणि जुलै २०१३ मध्ये ही सेवा बंद होईपर्यंत ते चालू होते. पोस्टकार्डही आपल्या काळी घाईचेच साधन मानले गेले. ऑस्ट्रियाने १ ऑक्टोबर १८६९ रोजी जगातील पहिले कार्ड काढले. हिंदुस्थानात ते १ जुलै १८७९ रोजी एक पैसा, म्हणजे पाव आणा, या किमतीस आले. उघड्यावर खाजगी मजकूर लिहावयाचा, तो कोणीही वाचावयाचा, ही कल्पना त्या काळी अनेकांस शिष्टाचाराविरुद्ध वाटली होती. १९५० पासून अंतर्देशीय पत्र आले व त्याने कार्ड आणि लिफाफा यांच्या मधली पायरी भरून काढली.

मग तारेने व कार्डाने पत्र का मारले नाही? कारण या साधनांत कामाची वाटणी होती. तारेस शब्दागणिक दाम पडत, म्हणून ती मृत्यू, जन्म किंवा तातडीचे बोलावणे यांसाठीच खर्ची पडे. कार्ड खुशालीसाठी. मनातले काही सांगावयाचे असेल तर बंद पत्र. निरोपाचे वजन कोणते, हे उघडण्यापूर्वीच त्याच्या रूपावरून कळे. तारवाला दारात उभा राहिला की घरात शांतता पसरे. विवाहाच्या पत्रास हळदीकुंकवाची बोटे लागत. मृत्यूची वार्ता आणणारे कार्ड वाचताच फाडून टाकीत. ते घरात ठेवीत नसत. या शेवटच्या रूढीचा परिणाम अभ्यासकाने ध्यानी ठेवावयास हवा. जुन्या घरच्या संग्रहात जन्म, मुंज, विवाह यांची पत्रे सापडतात, मृत्यूची सहसा सापडत नाहीत. ही उणीव विस्मरणाची नव्हे, रिवाजाची होय.

आजचा संदेश या तिन्ही मार्गांस एका जागी आणतो. मृत्यूची वार्ता, भाजीची यादी, सणाची शुभेच्छा आणि वर्षानुवर्षे मनात साठलेला सल ही सर्व एकाच पडद्यावर, एकाच आकाराच्या अक्षरांत, एकाखाली एक येतात. किंमत सर्वांस सारखीच, म्हणजे जवळजवळ शून्य. लेखनाचा ऱ्हास वेगामुळे झाला असे आपण म्हणतो. वस्तुतः वेग पूर्वीही होता. गेला तो प्रतवारीचा भेद. कोणत्या गोष्टीसाठी थांबून लिहावे, हे साधनच आपणांस सांगत असे. ते आता माणसाने स्वतः ठरवावे लागते.

३. मायन्याची चौकट

मराठी पत्राचे एक ठरलेले अंग होते. माथ्यावर ‘श्री’, उजवीकडे मुक्काम व तिथी, मग मायना. वडिलांस ‘तीर्थरूप’ व ‘शिरसाष्टांग नमस्कार’, बरोबरीच्यास ‘स. न. वि. वि.’, म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष, धाकट्यास ‘चि.’ व ‘अनेक आशीर्वाद’. शेवटी ‘कळावे, लोभ असावा, ही विनंती’. आणि काही राहून गेलेच तर ‘ता. क.’, म्हणजे ताजा कलम. यांतील ‘मायना’, ‘ताजा’, ‘कलम’ हे शब्द फारसी-अरबी मार्गाने आलेले, तर ‘तीर्थरूप’, ‘शिरसाष्टांग’ संस्कृत. म्हणजे चार ओळींच्या मायन्यात मराठीच्या दोन्ही पूर्वपरंपरा शेजारी शेजारी बसलेल्या दिसतात.

या ठरीव शब्दांना निर्जीव साचा म्हणून हिणविण्याची रीत आहे. परंतु ज्याला लेखनाची सवय नव्हती त्याला या साच्यानेच आधार दिला. कोरा कागद समोर आला की आरंभ कसा करावा हीच खरी अडचण असते. मायन्याने ती सोडविली. तीन-चार ओळी परंपरेने लिहून दिल्या, तोवर हात वळला आणि मन हलके झाले. पुढे लेखक आपले बोलू लागे. शिवाय मायना लिहिताना प्रत्येकास एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागे : ज्यास आपण लिहीत आहोत तो आपला कोण? हे ठरविल्यावाचून पहिली ओळच उमटत नसे. नात्याचा विचार आधी व मजकूर मागाहून, हा क्रम संदेशात उरलेला नाही.

४. आखाजीचे पत्र आणि अहिराणी

तथापि या चौकटीची दुसरी बाजू सांगितली नाही तर विवेचन एकांगी होईल. खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा सासुरवाशिणीचा सण. लेकीस माहेरी आणावयास मुराळी जावयाचा, आणि त्यापूर्वी पुष्कळ घरांतून पत्र जावयाचे. हे पत्र लेकीस उद्देशून नसे. ते व्याह्यांच्या नावे असे. ‘चि. सौ. हिची पाठवणी करावी’ एवढी विनंती त्यात असावयाची. ज्या मुलीच्या भेटीसाठी सारा खटाटोप, तिला त्या पत्रात शेवटी एक आशीर्वाद मिळे. तोही तिला दुसऱ्याने वाचून दाखवावा लागे, कारण अनेक स्त्रियांस अक्षरओळख नव्हती. आईची कळकळ बापाच्या किंवा मास्तरांच्या हातून कागदावर उतरावयाची व सासऱ्यांच्या मुखातून ऐकावयाची, म्हणजे दोन्ही टोकांस परक्याची मध्यस्थी. आज तीच मुलगी आपल्या आईशी वाटेल तेव्हा, कोणास न विचारता बोलते. पत्राच्या नाशाबद्दल शोक करताना हा लाभ जो विसरतो, त्याने पत्र केवळ लिहिणाऱ्याच्या बाजूने पाहिले असे म्हणावे लागेल.

दुसरा लाभ भाषेचा. खानदेशातील असंख्य घरांची बोली अहिराणी. परंतु पत्र सामान्यतः प्रमाण मराठीतच लिहिले जाई. घरात जी ‘आंडेर’, ती कागदावर ‘कन्या’ होई. घरात जो ‘आंडोर’, तो ‘चिरंजीव’. बोलीत पत्र लिहिणे म्हणजे अडाणीपणा, अशी शाळेने दिलेली समजूत होती. त्यामुळे दीर्घ काळच्या पत्रव्यवहारात या प्रदेशाची खरी घरगुती वाणी फारच थोडी उमटली. आज मात्र ‘काय चाली ऱ्हायनं?’ असा प्रश्न संदेशातून निःसंकोचपणे जातो, आणि ध्वनिमुद्रित निरोपात तर बोलीचे हेलदेखील जसेच्या तसे येतात. पत्राच्या चौकटीने जे बाहेर ठेवले त्यास संदेशाने आत घेतले, हे मान्य केले पाहिजे. भाषेच्या अभ्यासकास हे साहित्य सोन्यासारखे आहे. फक्त ते टिकत नाही. त्या मुद्द्याकडे पुढे येऊ.

५. लिहिण्याचा आनंद

आता पत्रलेखनाच्या आनंदाविषयी. हा आनंद कोठून येतो? अक्षर सुरेख काढण्यात आहे, नवा कागद व शाई यांत आहे, हे खरे; पण ते त्याचे बाह्यांग. त्याचे मूळ दोन गोष्टींत आहे. एक, पत्र लिहिताना ज्याला लिहावयाचे तो समोर नसतो, म्हणून तो मनात आणावा लागतो. त्याला काय आवडेल, काय खुपेल, कोणती बातमी आधी सांगावी, याचा विचार करीत अर्धा तास आपण त्या एका माणसाच्या सहवासात घालवितो. दुसरी गोष्ट, मध्येच उत्तर येत नाही. संभाषणात आपले वाक्य पुरे होण्याआधी दुसऱ्याचे सुरू होते. संदेशाचीही तीच तऱ्हा. पत्रात विचार शेवटापर्यंत न्यावा लागतो, आणि तो नेताना लिहिणाऱ्याचे मन त्याला स्वतःलाच उमगते. रागाने आरंभलेले पत्र दुसऱ्या पानावर निवळलेले आढळते, ते यामुळेच.

या आनंदाचे खानदेशातील उत्तम उदाहरण साने गुरुजींचे. अमळनेर येथे शिक्षक असताना ते वसतिगृहातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढीत. छापखाना नाही, वर्गणी नाही. वाचक म्हणजे रोज डोळ्यांसमोर वावरणारी मुले. त्यांच्याशी तोंडी बोलता येत असताना लिहावयाचे कशास? कारण लिहिलेले पुन्हा वाचता येते, एकांतात वाचता येते, आणि लिहिणाऱ्याने आपल्यासाठी वेळ वेचला हे वाचणाऱ्यास कळते. आयुष्याच्या अखेरच्या काळात त्यांनी पुतणीस लिहिलेली पत्रे ‘सुंदर पत्रे’ या नावाने पुस्तकरूपाने आली. एका मुलीस लिहिलेली ती पत्रे पुढे अगणित मुलांनी वाचली. एका माणसासाठी मनापासून लिहिलेले अनेकांस आपले वाटते, हे पत्रवाङ्मयाचे मर्म होय.

ऐकलेले लिहून ठेवणाऱ्या हाताचे महत्त्वही या प्रदेशास ठाऊक आहे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. अठरा अध्यायांची ती अठरा प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आज आपणांस उपलब्ध आहे. जळगावजवळच्या आसोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांस लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या मुखातील ओव्या घरच्यांनी, विशेषतः त्यांचे पुत्र कवी सोपानदेव यांनी, उतरून ठेवल्या. १९५१ मध्ये त्या निवर्तल्यावर पुढच्या वर्षी आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्या प्रसिद्ध झाल्या. जळगावच्या विद्यापीठास २०१८ पासून त्यांचे नाव आहे. अक्षरओळख नसलेल्या स्त्रीचे नाव विद्यापीठास मिळावे, यात विरोध नाही. परंतु शेजारी कोणी लिहून घेणारा नसता, तर ते नाव आसोद्याच्या व जळगावच्या शिवेबाहेर गेले नसते.

६. राखण्याचा प्रश्न

येथवर आल्यावर मूळ प्रश्नाचे उत्तर देता येते. निरोप पाठविणे थांबलेले नाही. उलट आज सामान्य माणूस पूर्वीपेक्षा अधिक शब्द लिहितो. लोप झाला आहे तो दोन गोष्टींचा : थांबून, एका माणसासाठी, शेवटापर्यंत लिहिण्याचा; आणि लिहिलेले राखण्याचा. पहिल्याने आपला तोटा होतो, दुसऱ्याने पुढच्यांचा.

पत्र टिकण्यास काही करावे लागत नसे. टाकून देण्यास करावे लागे. पत्रे तारेत ओवून खुंटीस अडकविली की ती पन्नास वर्षे तशीच राहत. संदेशाचे याच्या उलट आहे. प्रमुख संदेशसेवांत २०१६ पासून अशी गुप्तलेखनाची व्यवस्था आहे की, मजकूर पाठविणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या यंत्राखेरीज अन्यत्र वाचता येत नाही. पोहोचलेला निरोप कंपनी स्वतःपाशी ठेवीतही नाही. खाजगीपणाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु याचा अर्थ असा की, वेगळी प्रत काढली नसेल आणि यंत्र हरवले, बिघडले वा बदलले, तर त्यातील सारा पत्रव्यवहार नाहीसा होतो. ठराविक मुदतीने संदेश आपोआप पुसले जाण्याची सोयही २०२० पासून झाली आहे. प्रत्येक निरोपावर आता दिनांक व वेळ आपोआप उमटते; पेशवाईतील पत्रांचे वर्ष ठरविण्याचा त्रास आजच्या संदेशांत नाही. तिथी अचूक, पण पत्रच नाही, अशी अवस्था मात्र उद्भवू पाहते. आजच्या मराठीत इंग्रजी शब्द किती शिरले, अहिराणी लेखनात कशी उतरली, हे शंभर वर्षांनी कोणी राजवाड्यांप्रमाणे मोजू म्हणेल, तर त्याच्या हाती काय लागेल?

उपाय साधेच आहेत. घरातील जुनी पत्रे रद्दीत घालण्यापूर्वी त्यांतील पत्ते, शिक्के व तिकिटे पाहून ती क्रमाने लावावी, आणि पत्रांत आलेली माणसे कोण, याचे टिपण हयात वडीलधाऱ्यांना विचारून सोबत ठेवावे. नाती सांगणारे गेल्यावर नुसती नावे उरतात. मोडीतील पत्र वाचता येत नाही म्हणून टाकू नये. वाचणारे आजही आहेत. जे संदेश राखावेसे वाटतात, विशेषतः अहिराणीतील ध्वनिनिरोप, त्यांची वेगळी प्रत करून त्यावर बोलणाऱ्याचे नाव, गाव व वर्ष लिहावे. आणि दुसऱ्याचे खाजगी बोलणे संग्रहात ठेवावयाचे तर आधी त्याची संमती घ्यावी. महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील अशा पत्रांची सूची केली, तरी खानदेशच्या सामाजिक इतिहासाचे मोठे साधन सिद्ध होईल.

आणि शेवटचा उपाय लिहिण्याचा. सर्व निरोप पत्राने पाठवा, असे कोणी म्हणणार नाही. तारेचे काम तारेनेच व्हावे. परंतु वर्षातून दोन-चार प्रसंग असे येतात की, ज्यांस क्षणाचा निरोप पुरत नाही : सांत्वन, कृतज्ञता, क्षमायाचना, दूर गेलेल्या मुलास चार शहाणपणाच्या गोष्टी. त्या प्रसंगांपुरता कागद घ्यावा, माथ्यावर मुक्काम व दिनांक लिहावा, आणि वर्ष घालण्यास विसरू नये.